बोका बदला

मराठवाड्यात उस्मानाबादी शेळ्या राखणाऱ्या जाणत्या माणसाला विचारा, पैदाशीचा बोकड किती दिवस ठेवता? दीड वर्ष, फार तर दोन, असं उत्तर मिळेल. बोकड कितीही देखणा असो, त्याची करडं कितीही वजनदार निघोत, दोन वर्षं झाली की तो बाजारात जातो आणि लांबच्या कळपातून दुसरा येतो. तोवर त्याच्याच लेकी माजावर येऊ लागलेल्या असतात. बाप कळपात राहिला तर त्याच लेकींना तो गाभण करणार, आणि मग करडं किडकी निघणार, मरतूक वाढणार, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. ‘रक्त बदलायला हवं’, एवढ्या तीन शब्दांत तो हे सगळं सांगतो.

याच महाराष्ट्रात, शहरांतल्या सदनिकांमध्ये पर्शियन मांजरांची पैदास करणारी मंडळी आहेत. एक बोका, दोन-तीन भाट्या. पिल्लं ‘डॉल फेस’, ‘पंच फेस’, ‘ट्रिपल कोट’ अशा नावांनी विकली जातात. एखादी गोड पिल्ली घरीच ठेवली जाते आणि वयात आली की त्याच बोक्याकडे, म्हणजे तिच्या बापाकडेच, सोडली जाते. हटकलं तर उत्तर ठरलेलं: ‘मांजरांत चालतं हो.’ हे स्फुट त्या एका वाक्याविरुद्ध आहे. मांजरांत चालत नाही. आपल्याला ते दिसत नाही, इतकंच.

गल्लीतल्या मांजरांचा दाखला या बाबतीत हमखास दिला जातो. तिथे कुठे कोण नातं विचारतं? खरं आहे, कोणी विचारत नाही. पण गल्लीत एका माजावरच्या भाटीभोवती चार-पाच बोके जमतात, आणि एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात. वयात आलेले बोके भटकत दूर निघून जातात. आणि जी पिल्लं कमकुवत जन्मतात ती आडोशाला, कोणाच्या नजरेस न पडता मरतात. बंद दाराआड या तिन्ही गोष्टी नसतात. तिथे बोका एकच, जायला वाट नाही, आणि अशक्त पिल्लाला बाटलीने दूध पाजून जगवलं जातं. जगवलंच पाहिजे. पण ते पिल्लू मोठं झाल्यावर पुन्हा त्याच घरात पैदाशीला लागतं. म्हणजे निसर्गाने ठेवलेल्या वाटा आपण बंद केल्या. मग त्यांची जबाबदारीही आपलीच.

नात्यातल्या पैदाशीने नेमकं काय होतं, हे नीट समजून घ्यायला हवं. सजीवाकडे बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. एक प्रत बिघडलेली असली तरी पुष्कळदा दुसरी चांगली प्रत काम निभावून नेते आणि दोष आयुष्यभर लपून राहतो. असे लपलेले दोष थोडेफार प्रत्येकात असतात. जोडीदार परक्या घराण्यातला असेल तर त्याचे लपलेले दोष वेगळे असण्याची शक्यता जास्त. पण दोघांचा आजा एकच असेल, तर त्या आज्याची तीच बिघडलेली प्रत दोन्ही वाटांनी खाली येऊन एका पिल्लात भेटू शकते. नात्यातल्या जोडीमुळे नवा दोष तयार होत नाही. होता तो उघडा पडतो. आणि एकच ठळक दोष दिसला नाही, तरी शेकडो जनुकांतली विविधता थोडी थोडी कमी होत जाते: वेतात पिल्लं कमी, जन्मवजन कमी, रोगाशी झगडण्याची ताकद कमी. अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ सूअल राइट यांनी गिनीपिगांच्या सख्ख्या भावंडांच्या जोड्या पिढ्यानपिढ्या लावून पाहिल्या, तेव्हा हीच उतरण त्यांच्या नोंदींत दिसली. वेगवेगळी घराणी एकमेकांशी जुळवल्यावर जोम परत आला, हेही त्यांनीच नोंदवलं.

राइट यांनी १९२२ साली याचं गणित मांडलं. एखाद्या पिल्लाच्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या एकाच प्रतीपासून आलेल्या असण्याची शक्यता किती, ते या गणिताने काढता येतं. आपल्या भाषेत नात्यांना नेमकी नावं आहेत, त्यामुळे मराठी माणसाला हे गणित सोपं जावं. बाप आणि लेक, आई आणि लेक, सख्खे बहीणभाऊ: २५ टक्के. सावत्र भावंडं, आजा आणि नात, मामा आणि भाची, काका आणि पुतणी: साडेबारा टक्के. सख्खी चुलत, मावस, मामे, आते भावंडं: सव्वासहा टक्के. लग्न जमवताना गोत्र विचारायची, देवक विचारायची आपली जुनी रीत आहे, पण गोत्र बापाच्या बाजूनेच चालतं. हे गणित आईची बाजूही तितक्याच वजनाने मोजतं. आणि ते नाव पाहत नाही. दोन मांजरं दोन वेगळ्या पैदासकारांकडून आणली म्हणजे रक्त वेगळं झालं असं नाही. दोघांचा आजा एकच गाजलेला बोका असेल, तर आडनावं वेगळी असूनही ती भावंडंच आहेत.

नात्यातल्या पैदाशीचं सर्वांत झगझगीत उदाहरण मार्जारकुळातलंच आहे, आणि ते आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातलं आहे. १९५१ साली रीवा संस्थानचे महाराज मार्तंडसिंह यांनी पांढऱ्या वाघाचा एक बछडा पकडला आणि गोविंदगडच्या वाड्यात ठेवला. त्याचं नाव मोहन. बेगम नावाच्या नेहमीच्या रंगाच्या वाघिणीपासून त्याला बछडे झाले, पण एकही पांढरा निघाला नाही. पांढरा रंग दोन्ही प्रती तशाच असल्या तरच उमटतो. मग बेगमपासून झालेली मोहनची लेक राधा मोहनलाच दिली गेली. १९५८ साली चार बछडे झाले आणि चारही पांढरे निघाले: राजा, राणी, मोहिनी आणि सुकेशी. मोहिनी १९६० साली वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात पोहोचली. तिथे तिच्यासाठी जो नर निवडला गेला तो सॅमसन, मोहन आणि बेगम यांचाच मुलगा. म्हणजे आईकडून तो मोहिनीचा मामा आणि बापाकडून सावत्र भाऊ. कागदावर मांडून पाहिलं तर त्यांच्या बछड्यांचा आकडा पुन्हा २५ टक्के येतो, सख्ख्या बहीणभावांच्या जोडीइतकाच.

बंदिवासातल्या बहुतेक पांढऱ्या वाघांच्या वंशावळी अखेर मोहनपाशी येऊन थांबतात. त्यांच्या तिरळेपणाचं मूळ पांढरा रंग देणाऱ्या जनुकातच आहे. डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या शिरांची जुळणी त्यामुळे चुकते. पण एका रंगापायी बाप आणि लेक, भाऊ आणि बहीण यांच्या जोड्या लावत गेल्याने मृत जन्म, व्यंगं आणि अल्पायुष्य यांची जी मालिका मागे लागली, ती त्या रंगासाठी मोजलेली किंमत होती. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेने २०११ साली आपल्या सदस्यांना पांढऱ्या रंगासाठी जाणूनबुजून पैदास करायला मनाई केली. त्यामागचं तत्त्व घरच्या मांजरालाही लागू आहे. पाहणाऱ्याच्या डोळ्यांना काय आवडतं, यासाठी प्राण्याच्या शरीरावर ओझं लादायचं नाही.

मग जबाबदार पैदासकार नात्यातली जोडी कधीच लावत नाहीत का? लावतात, आणि हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. शुद्ध जातीची मांजरं म्हणजे मुळातच थोड्या पूर्वजांपासून वाढवलेलं घराणं. एखादा गुण पक्का करायचा तर काही प्रमाणात नात्यात यावंच लागतं. कॉर्निश रेक्स या कुरळ्या केसांच्या जातीची सुरुवात १९५० साली इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलमध्ये जन्मलेल्या कॅलिबंकर नावाच्या एका बोक्यापासून झाली, आणि कुरळेपणा टिकवण्यासाठी त्याला त्याच्याच आईशी जुळवण्यात आलं. त्या पैदासकारांच्या माहितीत तसा बोका एकच होता, दुसरी वाट नव्हती. पण पुढे ही जात जगली ती इतर जातींच्या मांजरांशी संकर केल्यामुळे. अपवाद कधी करावा आणि केल्यावर लगेच बाहेर कसं पडावं, ही दोन्ही उत्तरं या एका गोष्टीत आहेत.

म्हणून जाणते, प्रामाणिक पैदासकार जी रेघ आखतात ती साधारण अशी. सख्खी भावंडं आणि आईबाप-लेकरं यांची जोडी लावायची नाही. नवी जात उभी करण्यासारखं असाधारण कारण असेल तरच, आणि तेही जनुकशास्त्र जाणणाऱ्याच्या सल्ल्याने. सावत्र भावंडं, आजा-नात, मामा-भाची ही जोडी क्वचित, एकदाच, ठरवलेल्या हेतूने, दोघांच्या तपासण्या स्वच्छ असतील तर. आणि पुढच्या पिढीला बाहेरचा जोडीदार शोधायचाच. चुलत-मावस भावंडांचा सव्वासहा टक्के हा आकडा त्यांच्यातल्या अनेकांना वरची मर्यादा वाटतो. त्याहून खाली राहता आलं तर उत्तम. हा आकडा तीन पिढ्यांवरून काढायचा नाही. पाच पिढ्यांत ६२ पूर्वजांच्या जागा असतात, दहा पिढ्यांत २,०४६. त्या जागांवर किती वेगवेगळी मांजरं आहेत आणि किती जागा एकाच बोक्याने अडवल्या आहेत, ते मोजलं की खरं चित्र दिसतं.

नात्यातल्या जोडीच्या बाजूने एक मुद्दा पूर्वी वजनाने मांडला जाई: घराण्यात लपलेला दोष आहे की नाही, हे बाप-लेकीची जोडी लावून पाहिल्याशिवाय कळणार कसं? ज्या काळात दुसरं साधन नव्हतं, त्या काळात यात तथ्य होतं. आज कित्येक ओळखीच्या दोषांची डीएनए चाचणी गालातल्या लाळेच्या नमुन्यावर होते. मेन कून मांजरांतला हृदयाचा स्नायू जाड करणारा जनुकदोष २००५ साली सापडला, रॅगडॉल जातीतला २००७ साली. दोष शोधण्यासाठी आजारी पिल्लं जन्माला घालण्याची आता गरज उरलेली नाही.

आणि नातं टाळलं म्हणजे काम संपलं, असंही नाही. पर्शियन मांजरांत मूत्रपिंडांवर पाण्याच्या गाठी वाढत जाणारा एक आजार आहे. तो व्हायला बिघडलेली एकच प्रत पुरते. बाधित बोका अगदी परक्या भाटीशी जुळवला तरी निम्म्या पिल्लांकडे तो आजार जाण्याची शक्यता असते. एके काळी जगभरातल्या पर्शियन मांजरांपैकी सुमारे एकतृतीयांश, काही पाहण्यांत त्याहूनही अधिक मांजरं बाधित आढळली होती. दोष असलेली मोजकी घराणी लोकप्रिय झाली आणि त्यांच्यातूनच पुढची पैदास होत राहिली. २००४ साली तो जनुकदोष सापडला, चाचणी आली, आणि जिथे पैदासकारांनी ती मनापासून स्वीकारली तिथे आजार झपाट्याने मागे हटला. गाठी मात्र मांजर मध्यमवयीन होईपर्यंत त्रास देत नाहीत. तोवर बोक्याची कितीतरी वेतं विकली गेलेली असतात. चाचणी जोडी लावण्याआधी करायची ती यासाठीच.

बर्मीज जातीची कहाणी याहून कठोर आहे. १९३० साली सॅन फ्रान्सिस्कोत आलेली वाँग माऊ नावाची एक तपकिरी मांजरी, तिला जुळवलेला एक सयामी बोका, आणि मग तिचाच लेक, अशा पायावर अमेरिकेतली ही जात उभी राहिली. पुढे आखूड, गोल तोंडाचा एक नवा ढंग प्रदर्शनांत बक्षिसं मिळवू लागला. त्या ढंगाची दोन मांजरं जुळवली की सरासरी चारातलं एक पिल्लू डोक्याच्या भयानक व्यंगासह जन्मे आणि जगत नसे. एक प्रत असली तर बक्षीस, दोन असल्या तर मरण. हे दिसत असूनही त्या जोड्या लागत राहिल्या. २००८ साली मांजरांच्या जातींची जनुकीय विविधता मोजली गेली, तेव्हा सर्वांत कमी विविधता असलेल्या जातींत बर्मीज होती. त्या व्यंगामागचा जनुकदोष अखेर २०१६ साली हाती लागला.

हे सगळं परदेशातलं, तिथे नोंदवह्या आहेत, मांजरांच्या पाच-पाच पिढ्यांचे कागद आहेत. आपल्याकडे काय आहे? भारतात कुत्र्यांच्या पैदाशीसाठी २०१७ साली केंद्राने नियम केले, पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ साली केले. मांजरांच्या पैदाशीसाठी तसे स्वतंत्र नियम हवेत आणि त्यांत तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात. आईबाप-लेकरं आणि सख्खी भावंडं यांच्या जोडीला मनाई. पैदाशीच्या प्रत्येक मांजराला मायक्रोचिप. आणि पिल्लू विकताना आईबापांची नावं व त्यांच्या तपासण्यांचे निकाल लेखी देण्याची सक्ती. ब्रिटनच्या केनल क्लबने २००९ सालापासून अशा जवळच्या नात्यातल्या कुत्र्यांच्या पिल्लांची नोंदणी बंद केली, तीही आदल्या वर्षी दूरचित्रवाणीवरच्या एका माहितीपटाने लोकांना जाग आणल्यावर. लोक जागे झाले की नियम हलतात.

पण नियम येईपर्यंत थांबायची गरज नाही, कारण ग्राहकाच्या हातात प्रश्न आहे. पिल्लू घ्यायला गेलात की विचारा: याचा बाप कोण? आईचा बाप कोण? दोघांची मूत्रपिंडाची चाचणी झाली आहे का, निकाल दाखवता? जो पैदासकार जबाबदार आहे त्याला हे प्रश्न आवडतात. तो वंशावळ काढून समोर ठेवतो, सावत्र भावंडांची जोडी लावली असेल तर का लावली तेही सांगतो. जो टाळतो, त्याच्याकडून पिल्लू घेऊ नका, ते कितीही गोड असो. तुम्ही ते घेतलंत की त्याच जोडीचं पुढचं वेत ठरलं.

आणि ज्यांचा पैदाशीशी काही संबंध नाही, अशा घरांसाठीही दोन शब्द. एकमेकांना सोबत म्हणून एकाच वेतातली बहीणभावाची जोडी घरी आणणं ही प्रेमाची गोष्ट आहे. पण भाटी चौथ्या-पाचव्या महिन्यापासून माजावर येऊ शकते आणि शेजारी झोपलेला तिचा भाऊही फार मागे नसतो. साधारण ६३ ते ६५ दिवसांनी पिल्लं होतात आणि घरातली माणसं आश्चर्य करत बसतात. ‘एकदा तरी तिला पिल्लं होऊ द्यावीत’, या समजुतीला वैद्यकीय आधार नाही. पशुवैद्यांना वेळेवर भेटा, पाचव्या महिन्याच्या आत नसबंदीचं विचारा. आपल्याकडे नात्यातली पैदास सर्वांत जास्त कुठे होत असेल, तर ती अशा मायेच्या घरांत, केवळ उशीर झाल्यामुळे.

या विषयात निराश होण्याचं मात्र कारण नाही. फ्लोरिडातल्या प्यूमांची संख्या १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला वीस-तीसवर आली होती. शेपटीला मुरड, हृदयात छिद्र, नरांत न उतरलेली वृषणं, अशी नात्यातल्या पैदाशीची सगळी लक्षणं त्यांच्यात होती. १९९५ साली टेक्सासमधून आठ माद्या आणून तिथे सोडल्या. त्यांतल्या पाचच व्यायल्या. तेवढ्याने व्यंगं घटली, बछडे जगू लागले आणि पुढच्या काळात संख्या शंभराच्या पुढे गेली. राइट यांचं गणितही हाच दिलासा देतं. आई स्वतः कितीही नात्यातल्या जोडीची असो, तिला खरोखर परका बोका मिळाला तर तिच्या पिल्लांचा आकडा त्या एका पिढीत शून्यावर येतो.

पन्नास शेळ्यांवर घर चालवणारा माणूस आपला देखणा, लाडका बोकड दोन वर्षांनी कळपातून काढतो. त्यात त्याचं नुकसान असतं, पण पुढच्या करडांसाठी तो ते सोसतो. मांजरांवर प्रेम आहे असं म्हणणाऱ्यांकडून त्याहून जास्त काही मागायचं नाही. तेवढंच मागायचं.